क्लिनिकल चाचणीत सहभागी होण्यापूर्वी : कर्करोगाचे रुग्ण व कुटुंबीय यांच्यासाठी मार्गदर्शन

प्रास्ताविक

कर्करोगाचे उपचार सुरू असताना एखाद्या टप्प्यावर डॉक्टर सुचवतात, "आमच्या विभागात एक ट्रायल सुरू आहे, आपण तिच्यासाठी पात्र ठरू शकता." हे शब्द कानी पडताच बहुतेक कुटुंबांत दोन परस्परविरुद्ध विचार एकाच वेळी उमटतात. एकाला वाटते, 'आपल्या माणसावर प्रयोग करणार.' दुसऱ्याला वाटते, 'नवे औषध आहे, विनामूल्य मिळते आहे. संधी दवडू नये.' दोन्ही समजुतींत सत्याचा अंश आहे. मात्र त्यांपैकी केवळ एकीच्या आधारे घेतलेला निर्णय पुढे पश्चात्तापास कारण होऊ शकतो.

आपण चाचणीत सहभागी व्हावे किंवा होऊ नये, असे सुचवणे हा या माहितीपत्रकाचा उद्देश नाही. चाचणी म्हणजे काय, तीत आपले हक्क कोणते, आपल्याला कशाची जोखीम पत्करावी लागते आणि होकार किंवा नकार देण्यापूर्वी काय विचारावे, एवढेच येथे सांगितले आहे. रक्ताची किंवा लघवीची तपासणी यांनाही व्यवहारात 'चाचणी' म्हणतात. त्यांच्याशी गल्लत होऊ नये म्हणून येथे 'क्लिनिकल चाचणी' हा शब्द वापरला आहे.

उपचार आणि संशोधन यांतील भेद

नेहमीच्या उपचारांत डॉक्टरांसमोर एकच उद्दिष्ट असते, ते म्हणजे समोरच्या रुग्णाचे हित. औषधाची मात्रा, तपासण्यांची वेळ, उपचारांतील बदल हे सर्व त्या एका रुग्णाच्या प्रकृतीनुसार ठरते.

क्लिनिकल चाचणी हे संशोधन आहे. ज्या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर वैद्यकशास्त्राकडे अद्याप नाही, त्याचे उत्तर अनेक रुग्णांच्या सहभागातून मिळवणे हा तिचा हेतू असतो. त्यासाठी एक लेखी आराखडा आधीच ठरलेला असतो. कोणाला सहभागी करून घ्यावयाचे, कोणते औषध किती द्यावयाचे, तपासण्या कोणत्या दिवशी करावयाच्या आणि कोणत्या परिस्थितीत औषध थांबवावयाचे, हे त्या आराखड्यात नमूद असते. सहभागी रुग्णाची काळजी घेणे हे संशोधक डॉक्टरांचे कर्तव्य असतेच. तरीही चाचणीतून मिळणारे उत्तर प्रामुख्याने पुढे येणाऱ्या रुग्णांच्या उपयोगाचे असते. सहभागी रुग्णाला लाभ होईलच, असे आश्वासन कोणीही देऊ शकत नाही आणि कोणी देत असेल तर ते योग्य नव्हे.

हा भेद ध्यानात न आल्यामुळे अनेक रुग्ण चाचणीला 'अधिक चांगला उपचार' समजून संमती देतात. म्हणून संमतीपूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारावा : मला येथे उपचार दिला जात आहे, की एका अनुत्तरित प्रश्नाच्या शोधात मला सहभागी करून घेतले जात आहे? बहुतेक वेळा उत्तर 'दोन्ही' असे असते. त्यातील दुसरा भाग नजरेआड होऊ देऊ नये.

अनुत्तरित प्रश्न म्हणजे काय : तीन उदाहरणे

मुंबई येथील टाटा स्मारक रुग्णालयात झालेल्या तीन चाचण्या हा मुद्दा स्पष्ट करतात.

*पहिले उदाहरण.* तोंडाचा कर्करोग प्राथमिक अवस्थेत असून मानेत गाठ लागत नसेल, तर तोंडाच्या शस्त्रक्रियेबरोबरच मानेतील लसिकाग्रंथी काढाव्यात, की गाठ दिसेपर्यंत थांबावे, याविषयी शल्यचिकित्सकांत दीर्घकाळ मतभेद होते. दोन्ही पद्धती रूढ होत्या आणि दोन्ही बाजूंना अनुभवी डॉक्टर होते. २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण या प्रश्नावरील चाचणीत सहभागी झाले. पहिल्या ५०० रुग्णांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्या ग्रंथी आधीच काढल्या, त्यांच्यापैकी तीन वर्षांनंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण ८० टक्के होते. ज्यांच्या बाबतीत थांबण्यात आले, त्यांच्यात ते ६७.५ टक्के होते.

*दुसरे उदाहरण.* स्तनाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरलेला असताना मूळ गाठ काढल्याने आयुष्य वाढते, असे अनेकांना वाटत असे. २००५ ते २०१३ या काळात ३५० स्त्रियांच्या सहभागातून हा समज तपासण्यात आला. मूळ गाठीवर उपचार केलेल्या गटाचा मध्यक जीवनकाळ १९.२ महिने, तर न केलेल्या गटाचा २०.५ महिने आढळला. म्हणजेच गाठ काढल्याने आयुष्य वाढल्याचे दिसले नाही. एखादा उपचार निरुपयोगी असल्याचे सिद्ध होणे हेही चाचणीचे यशच होय, कारण त्यामुळे पुढील रुग्णांना अनावश्यक शस्त्रक्रिया टाळता येते.

*तिसरे उदाहरण.* निवोलुमॅब हे प्रतिकारशक्तीला चालना देणारे औषध बहुसंख्य भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेर आहे. डोके व मान यांच्या वाढलेल्या कर्करोगात, नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी २० मिलिग्रॅम एवढीच मात्रा तोंडाने घ्यावयाच्या औषधांच्या जोडीला दिल्यास उपयोग होईल काय, हा प्रश्न १५१ रुग्णांच्या सहभागातून तपासला गेला. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार एक वर्षानंतर जिवंत असणाऱ्यांचे प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेले. असा प्रश्न आपल्या देशातील रुग्णांच्या गरजेतून उभा राहतो आणि त्याचे उत्तरही येथेच शोधावे लागते.

पहिल्या उदाहरणाकडे पुन्हा पाहावे. थांबण्याचा मार्ग ज्यांच्या वाट्याला आला, त्यांची स्थिती तुलनेने वाईट राहिली, हे आज आकड्यांवरून सांगता येते. त्यांनी संमतीपत्रावर सही केली त्या दिवशी मात्र हे कोणालाही ठाऊक नव्हते. ठाऊक असते, तर चाचणी घेणेच अनुचित ठरले असते. चाचणीत सहभागी होणे म्हणजे ही अनिश्चितता समजून उमजून स्वीकारणे होय. हे एवढे समजले, तर पुढील सर्व माहितीचा अर्थ लागतो.

चाचणीचे टप्पे

नवे औषध प्रयोगशाळेत व प्राण्यांवर तपासल्यानंतर माणसांमध्ये क्रमाक्रमाने अभ्यासले जाते.

पहिल्या टप्प्यात मोजकेच रुग्ण असतात. औषध कितपत सुरक्षित आहे आणि किती मात्रा सहन होते, हा त्या टप्प्याचा मुख्य प्रश्न असतो. इतर अनेक आजारांत हा टप्पा निरोगी व्यक्तींमध्ये पार पडतो. कर्करोगावरील बहुतांश औषधे तीव्र असल्यामुळे येथे सहसा रुग्णांनाच सहभागी करून घेतले जाते. त्यांच्यापैकी अनेकांच्या बाबतीत नेहमीचे उपचार संपलेले असतात. अशा वेळी आशा फार मोठी असते. म्हणूनच या टप्प्याचा मूळ प्रश्न सुरक्षिततेचा आहे, हे विसरू नये.

दुसऱ्या टप्प्यात विशिष्ट कर्करोगावर औषधाचा परिणाम होतो काय, हे पाहिले जाते. तिसऱ्या टप्प्यात शेकडो किंवा हजारो रुग्णांमध्ये नव्या उपचाराची तुलना प्रचलित प्रमाणित उपचाराशी केली जाते. औषध बाजारात आल्यानंतर दीर्घकालीन परिणामांचा अभ्यास चौथ्या टप्प्यात होतो.

आपल्याला सुचवलेली चाचणी कोणत्या टप्प्यातील आहे, हे प्रथम विचारावे. त्या एका उत्तरावरून जोखीम आणि लाभाची शक्यता यांचा पुष्कळ अंदाज येतो.

गट कसे ठरतात

तुलनात्मक चाचणीत रुग्णांची दोन किंवा अधिक गटांत विभागणी होते. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाईल, हे रुग्ण ठरवत नाही आणि डॉक्टरही ठरवत नाहीत. चिठ्ठी टाकावी तशी ही निवड योगायोगावर सोपवलेली असते आणि ती सहसा संगणकाद्वारे होते. ओळखीच्या किंवा धडधाकट रुग्णांना एकाच गटात घातले, तर येणारे उत्तर विश्वासार्ह राहणार नाही, हे त्यामागील कारण आहे. काही चाचण्यांत कोणाला कोणते औषध मिळत आहे, हे रुग्ण आणि डॉक्टर या दोघांनाही सांगितले जात नाही. तातडीची गरज पडल्यास ही माहिती उघड करण्याची व्यवस्था असते.

'आम्हाला नुसती साखरेची गोळी देतील काय?' अशी शंका नेहमी विचारली जाते. औषधासारखी दिसणारी, परंतु औषधी गुण नसलेली गोळी म्हणजे प्लासिबो. कर्करोगाच्या चाचण्यांत प्लासिबो वापरला, तरी तो बहुधा प्रमाणित उपचाराच्या जोडीला दिला जातो. चाचणीत प्लासिबो असल्यास, त्याचा औषधी परिणाम होणार नाही, असे माहितीपत्रात स्पष्ट लिहिणे बंधनकारक आहे. आपल्या चाचणीत तो आहे काय आणि असल्यास कोणत्या उपचारासोबत आहे, हे अवश्य विचारावे.

आपल्या संरक्षणाची व्यवस्था

भारतात नव्या औषधांच्या चाचण्यांना 'नवीन औषधे व क्लिनिकल चाचणी नियम, २०१९' लागू आहेत. अशा चाचणीला केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेची परवानगी आवश्यक असते. याखेरीज प्रत्येक चाचणीला नैतिकता समितीची मान्यता असावी लागते. या समितीत किमान ७ सदस्य असतात. निम्मे सदस्य त्या संस्थेबाहेरील असावे लागतात आणि अध्यक्षही बाहेरीलच असतो. वैद्यकीय तज्ज्ञांबरोबरच कायद्याचे जाणकार, सर्वसामान्य नागरिकांचे प्रतिनिधी आणि किमान एक स्त्री सदस्य यांचा समावेश अनिवार्य आहे. रुग्णाच्या हक्कांना बाधा येत असल्यास मान्यता नाकारण्याचा किंवा सुरू असलेली चाचणी थांबवण्याचा अधिकार या समितीला आहे.

संस्थेतील डॉक्टरांनी स्वतः हाती घेतलेल्या आणि औषधाच्या परवान्यासाठी नसलेल्या शैक्षणिक चाचण्यांतही नैतिकता समितीची मान्यता लागते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे अशा संशोधनास लागू होतात.

भारतातील चाचण्यांची नोंद 'क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री – इंडिया' या सार्वजनिक नोंदवहीत केली जाते. ही नोंदवही २००७ मध्ये सुरू झाली आणि २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची नोंदणी अनिवार्य झाली. प्रत्येक नोंदीला 'सीटीआरआय' या अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक मिळतो. हा क्रमांक मागून घ्यावा. नोंदवहीच्या संकेतस्थळावर तो टाकल्यास चाचणीचा विषय, प्रायोजक, केंद्रे आणि नैतिकता समितीची मान्यता यांची माहिती कोणालाही विनामूल्य पाहता येते. संगणकाची सवय नसल्यास घरातील शिकलेल्या मुलामुलींची मदत घ्यावी.

संमती : सहीपूर्वीची प्रक्रिया

संमती म्हणजे केवळ कागदावरील सही नव्हे. माहिती देणे, ती समजणे, विचार करण्यास वेळ मिळणे आणि दबावाविना निर्णय घेणे या चारही पायऱ्या पूर्ण झाल्यावरच संमती खरी ठरते.

माहितीपत्र व संमतीपत्र रुग्णाला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. मराठी भाषक रुग्ण हैदराबाद, बंगळूर, दिल्ली किंवा अन्य कोठेही उपचार घेत असला, तरी त्याला मराठीतून माहिती मागण्याचा अधिकार आहे. रुग्णाला लिहितावाचता येत नसेल, तर निष्पक्ष साक्षीदाराच्या उपस्थितीत संपूर्ण मजकूर वाचून दाखवावा लागतो आणि त्यानंतरच अंगठा घेता येतो. हा साक्षीदार संशोधनाशी संबंधित नसावा. नव्या रासायनिक घटकाच्या चाचणीत दुर्बल किंवा परावलंबी स्थितीतील सहभागींच्या संमतीप्रक्रियेचे दृक्‌श्राव्य मुद्रण करणे नियमानुसार आवश्यक आहे. तसे मुद्रण होत असल्यास घाबरून जाऊ नये. ते आपल्याच संरक्षणासाठी आहे.

बालरुग्णाच्या बाबतीत पालकांची संमती लागते. मूल ७ वर्षांचे किंवा त्याहून मोठे असल्यास त्याला समजेल अशा शब्दांत सांगून त्याचीही मान्यता घेतली जाते.

सही केलेल्या संमतीपत्राची व माहितीपत्राची एक प्रत आपल्याकडे राहिली पाहिजे. ती औषधांच्या फाइलमध्ये ठेवावी. प्रमुख संशोधक आणि नैतिकता समिती यांचे संपर्क क्रमांक तीत असतात. नव्या औषधाच्या चाचणीत संमतीपत्रावर नामनिर्देशित व्यक्तीचे नाव, पत्ता व नाते लिहावयाचे असते. ते रकाने रिकामे सोडू नयेत.

आजार लपवलेला असेल तर

आपल्याकडे घरातील वडीलधाऱ्यांपासून आजाराचे नाव दूर ठेवण्याची रीत अजूनही आढळते. 'साधी गाठ आहे', 'जखम चिघळली आहे' असे सांगून रुग्णाला रुग्णालयात आणले जाते. 'त्यांना कळले तर त्या खचतील', ही त्यामागील माया खरी असते. चाचणीच्या बाबतीत मात्र हे चालू शकत नाही. आपल्याला कर्करोग आहे हे ज्याला ठाऊक नाही, त्याची संमती ही संमतीच ठरत नाही.

रुग्ण सज्ञान आणि शुद्धीवर असेल, तर निर्णय त्याचाच असतो. पती, मुलगा, भाऊ किंवा सून यांची सही त्याच्या सहीची जागा घेऊ शकत नाही. रुग्ण संमती देण्यास असमर्थ असेल, तेव्हाच कायदेशीर प्रतिनिधीची संमती विचारात घेतली जाते. स्त्री रुग्णांच्या बाबतीत हे विशेषत्वाने सांगावेसे वाटते, कारण अनेकदा चर्चा घरातील पुरुषांशी होते आणि जिच्या शरीरावर उपचार व्हावयाचे, ती बाहेरच्या बाकावर बसलेली असते. तिला आत बोलवावे आणि माहिती तिलाच सांगितली जावी, असा आग्रह धरावा.

आजाराविषयी सांगणे कठीण वाटत असल्यास डॉक्टर, परिचारिका, समुपदेशक किंवा वैद्यकीय समाजसेवक यांची मदत मागावी. 'तुम्हाला तुमच्या आजाराविषयी किती जाणून घ्यावेसे वाटते?' या प्रश्नाने सुरुवात करता येते. अनेक रुग्णांना अर्धेअधिक आधीच उमगलेले असते. केवळ घरच्यांना त्रास होऊ नये म्हणून तेही गप्प राहिलेले असतात.

लाभ, जोखीम आणि खर्च

नवा उपचार लवकर मिळणे, प्रकृतीवर बारकाईने लक्ष राहणे आणि पुढील रुग्णांच्या उपयोगी पडणे, हे संभाव्य लाभ आहेत. अनपेक्षित दुष्परिणाम, उपचार निष्फळ ठरण्याची शक्यता, अधिक रक्ततपासण्या, अधिक स्कॅन, पुन्हा गाठीचा तुकडा काढणे आणि वारंवार रुग्णालयात यावे लागणे, ही दुसरी बाजू आहे. सोलापूरहून किंवा गडचिरोलीहून मुंबईस दर पंधरा दिवसांनी यावयाचे, तर प्रवास, राहण्याची सोय आणि सोबत येणाऱ्याची बुडणारी मजुरी यांचा हिशेब आधीच मांडावा.

केवळ संशोधनासाठी होणाऱ्या तपासण्या व औषधे यांचा खर्च रुग्णाकडून घेतला जाऊ नये, असे राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. नेहमीच्या उपचारांचा खर्च मात्र रुग्णाला किंवा त्याच्या विमा अथवा शासकीय योजनेला करावा लागू शकतो. कोणता खर्च कोणाचा, आणि प्रवासखर्च मिळेल काय, हे लेखी स्वरूपात समजून घ्यावे.

चाचणीच्या काळात गर्भधारणा टाळावी लागू शकते आणि ही सूचना पुरुष रुग्णांनाही लागू असू शकते. पुढे अपत्य हवे असल्यास त्याविषयी उपचारांपूर्वीच बोलावे.

सहभागी झाल्यानंतर

औषधे ठरलेल्या वेळी घ्यावीत आणि उरलेल्या गोळ्यांसह रिकामी पाकिटेही परत आणावीत. मळमळ, ताप, अंगावर पुरळ, जुलाब, धाप असे जे काही जाणवेल, ते तारखेसह वहीत लिहून ठेवावे. 'एवढ्याशासाठी डॉक्टरांना कशाला त्रास', असा संकोच करू नये. आयुर्वेदिक काढे, चूर्णे, होमिओपॅथीची औषधे किंवा गावच्या वैद्यांचे औषध सुरू असल्यास ते सांगावे. त्याबद्दल कोणी रागावणार नाही. न सांगितल्यास मात्र दोन औषधांच्या एकत्रित परिणामाने धोका संभवतो.

गंभीर दुष्परिणाम झाल्यास संशोधकाने तो २४ तासांच्या आत नियामक यंत्रणा, प्रायोजक आणि नैतिकता समिती यांना कळवावयाचा असतो. यासाठी दूरध्वनी क्रमांक घरातील सर्वांना ठाऊक असावा. अन्य रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास आपण चाचणीत सहभागी आहोत, हे तेथील डॉक्टरांना प्रथम सांगावे.

आपण चाचणीतून कधीही बाहेर पडू शकता. कारण सांगण्याचे बंधन नाही आणि त्यामुळे आपले नेहमीचे उपचार नाकारले जाऊ शकत नाहीत. मात्र औषध मनाने अचानक बंद करू नये. बाहेर पडण्याचा निर्णय कळवून ते सुरक्षितपणे कसे थांबवावे, हे विचारावे.

औषधाचा आपल्याला उपयोग झाला आणि चाचणी संपली, तर पुढे काय? अन्य पर्यायी उपचार नसल्यास, संशोधकाने शिफारस केल्यास व नैतिकता समितीने मान्यता दिल्यास, ते औषध पुढेही विनामूल्य देण्याची तरतूद २०१९ च्या नियमांत आहे. याविषयी सुरुवातीसच विचारावे.

इजा झाल्यास

नव्या औषधाच्या चाचणीदरम्यान इजा झाल्यास आवश्यक तेवढा काळ, किंवा ती इजा चाचणीमुळे झालेली नाही असे सिद्ध होईपर्यंत, विनामूल्य वैद्यकीय उपचार मिळण्याचा हक्क आहे. इजा, कायमचे अपंगत्व किंवा मृत्यू चाचणीमुळे झाल्यास आर्थिक नुकसानभरपाई देण्याची जबाबदारी प्रायोजकावर असते. मृत्यूच्या प्रकरणी ८ लाख रुपये ही पायाभूत रक्कम धरून, वय आणि सहभागाच्या वेळची आजाराची गंभीरता यांच्या आधारे सूत्रानुसार भरपाई ठरते. आजार आधीच फार वाढलेला असल्यास ही रक्कम कमी होऊ शकते. कर्करोग स्वाभाविक क्रमाने वाढल्याने झालेली हानी चाचणीमुळे झालेली मानली जात नाही. या सीमारेषा कटू असल्या, तरी आधी माहीत असाव्यात.

तक्रार असल्यास प्रथम प्रमुख संशोधकाशी बोलावे. समाधान न झाल्यास नैतिकता समितीच्या सदस्य सचिवांकडे आणि त्यानंतर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे लेखी तक्रार करता येते.

येथे सावध राहावे

'ट्रायल' या शब्दाचा वापर करून फसवणूकही होऊ शकते. पुढीलपैकी काहीही आढळल्यास सही करू नये :

• चाचणीच्या औषधासाठी पैशांची मागणी होणे.
• 'रोग मुळापासून जाईल' अशी हमी दिली जाणे.
• नोंदणी क्रमांक किंवा नैतिकता समितीचे नाव सांगण्यास टाळाटाळ होणे.
• 'आजच सही करा, नाहीतर जागा भरेल' असा तगादा लावला जाणे.
• कागदपत्रांची प्रत देण्यास नकार मिळणे.

डॉक्टरांना विचारावयाचे प्रश्न

हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत एक नातेवाईक असावा.

१. या चाचणीतून कोणत्या प्रश्नाचे उत्तर शोधले जात आहे?
२. ती कोणत्या टप्प्यातील आहे? हे औषध यापूर्वी माणसांना दिले गेले आहे काय?
३. सहभागी न झाल्यास माझ्यासाठी कोणते उपचार उपलब्ध आहेत?
४. माझा गट कसा ठरेल? प्लासिबो आहे काय?
५. आतापर्यंत कोणते दुष्परिणाम दिसले आहेत?
६. किती काळ, किती वेळा यावे लागेल?
७. कोणता खर्च मला करावा लागेल?
८. माझ्या गाठीचा व रक्ताचा नमुना पुढे कशासाठी वापरला जाईल? त्यासाठी वेगळी संमती घेणार काय?
९. माझी माहिती कोण पाहू शकेल?
१०. रात्री-अपरात्री त्रास झाल्यास कोणाला दूरध्वनी करावयाचा?
११. चाचणी संपल्यावर औषध मिळेल काय? निष्कर्ष मला कळवले जातील काय?
१२. माझे उपचार करणारे डॉक्टरच संशोधक आहेत काय? असल्यास दुसऱ्या तज्ज्ञांचे मत घेता येईल काय?

समजले काय, हे पाहण्यासाठी

माहितीपत्र घरी आणावे, वाचावे आणि मग ते मिटून घरातील एका व्यक्तीला स्वतःच्या शब्दांत पाच गोष्टी सांगाव्यात : चाचणी कशासाठी आहे; मला काय करावे लागेल; माझे काय बिघडू शकते; मी नाही म्हटले तर माझ्यावर कोणते उपचार होतील; आणि मला बाहेर पडावयाचे असल्यास मी काय करीन. यांपैकी जी गोष्ट सांगताना अडखळायला होईल, ती पुन्हा डॉक्टरांना विचारावी. दोनदा किंवा तीनदा विचारण्यात कमीपणा नाही. समजेपर्यंत समजावून सांगणे हे संशोधकांचे कर्तव्य आहे.

आज प्रमाणित समजला जाणारा कर्करोगावरील जवळजवळ प्रत्येक औषधोपचार कधीकाळी कोणा रुग्णांनी अनिश्चिततेसह स्वीकारला होता. त्यांच्या होकाराचे ऋण पुढील सर्व रुग्णांवर आहे. त्या ऋणाचा दाखला देऊन आपल्यावर दबाव आणण्याचा अधिकार मात्र कोणालाही नाही. समजून दिलेला होकार जितका आदरणीय आहे, तितकाच समजून दिलेला नकारही. दोन्ही उत्तरांनंतर रुग्णालयाने आपली काळजी सारख्याच आस्थेने घेतली पाहिजे, आणि तशी अपेक्षा ठेवण्याचा आपल्याला पूर्ण हक्क आहे.